डोंगर, झाड आणि पाचवे लेणे

बागलाणातल्या नामपूरला, मोसम नदीच्या अंगाने, आमची वस्ती गावकुसाबाहेर. वडील खडी फोडत. आमच्या घरी झाड म्हणजे सरपण आणि डोंगर म्हणजे मजुरी. 'निसर्गसौंदर्य' हा शब्द मला शाळेच्या पुस्तकाने दिला.

म्हणूनच वेरूळची जुनी इंग्रजी चित्रे पाहताना मी अडखळतो. जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने 1803 साली लंडनला 24 ॲक्वाटिंट चित्रांचा संच काढला. वेल्स 1795 लाच वारला होता. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून तो आम्लात सोडायचा. आम्ल जितके खाईल तितकी सावली गडद. या रीतीने डोंगराचा काळोख आणि झाडांची दाटी सुरेख उतरते. वेल्सच्या आधी पुण्याच्या गंगाराम तांबटानेही मॅलेटसाठी वेरूळ रेखाटले होते. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

इंग्रजी अभिरुचीत भग्न खांब आणि त्यावर वाढलेले झुडूप यांना ठरलेला अर्थ होता: राज्ये जातात, निसर्ग उरतो. आपल्या देशात येताच त्याचा दुसराच अर्थ झाला. इथला इतिहास संपला, आता फक्त पाहणारा साहेब उरला! माणसे चित्रात येतात ती मुंगीएवढी, खांबाची उंची कळावी म्हणून. दगड कोणी फोडला, हा प्रश्न त्या झाडीआड जातो.

पण नावे लपत नाहीत. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या 1880 च्या ग्रंथात वेरूळचे पाचवे लेणे 'महारवाडा' म्हणून येते, आणि आजही त्याला तसे म्हणतात. आहे ते बौद्ध लेणे! सुमारे 117 फूट लांब, मधोमध दगडात कोरलेल्या दोन ठेंगण्या, लांबलचक बैठका. भिक्षूंच्या भोजनासाठी वा पठणासाठी त्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. आपल्यातले काही उत्साही मित्र या नावावरून लेणे आपल्याच पूर्वजांनी कोरल्याचे सांगतात. नावावरून तेवढे सिद्ध होत नाही. मात्र विहार ओस पडल्यावर त्याला आपल्या वस्तीचे नाव चिकटते, म्हणजे गावाने टाकलेली जागा आणि गावाने टाकलेली माणसे लोकांच्या जिभेवर एक झालेली दिसतात. हा इतिहास कुठल्याही झुडपाने झाकलेला नाही.

मागे विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो. फलकावरचा आकडा वाचून एका मुलीने विचारले, "सर, 1956 नंतर तरी हे नाव बदलायचं होतं ना?" दुसरी म्हणाली, "कशाला? राहू दे." बसची वेळ होईपर्यंत दोघी त्या बैठकांपाशी भांडत होत्या.