परसातील पाखरे : नाशिक परिसराच्या संदर्भात दाणापाणी आणि पक्षिनिरीक्षण यांचा इतिहास

प्रस्तावना

नाशिक रोडच्या पूर्वेस गोदावरीच्या काठी वसलेले एकलहरे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे. १९७० च्या दशकाच्या आरंभी या केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले व १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅट क्षमतेच्या तीन संचांची त्यात भर पडली. पक्ष्यांच्या इतिहासात मात्र या गावाचे भौगोलिक स्थान अधिक सूचक आहे. नदीच्या वरच्या अंगाला रामकुंड आहे. तेथे पितरांसाठी पिंड ठेवला जातो आणि कावळ्याची वाट पाहिली जाते. नदीच्या खालच्या अंगाला, निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या या बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ तयार झाली, १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. एका ठिकाणी पक्ष्याला घास दिला जातो, दुसऱ्या ठिकाणी त्याला दुर्बिणीतून पाहिले जाते. या दोन कृती एकाच नदीच्या काठी घडत असल्या तरी त्यांचे इतिहास बराच काळ परस्परांपासून अलिप्त राहिले. ते घराच्या परसात कसे एकत्र आले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

घास देण्याची परंपरा

गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञ हा प्राणिमात्रांना अन्नाचा वाटा देण्याचा विधी आहे. जेवणापूर्वी काढून ठेवलेला काकबळी, श्राद्धातील कावळ्याचे पान आणि दहाव्या दिवशीचा काकस्पर्श ही त्याचीच लोकव्यवहारातील रूपे होत. नाशिक हे श्राद्धकर्माचे मोठे क्षेत्र असल्याने येथे या विधींना विशेष महत्त्व प्राप्त झाले. इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे जटायूने प्राण सोडला अशी श्रद्धा आहे. एका पक्ष्याचे उत्तरकार्य रामाने केले ही कथा जेथे सांगितली जाते, त्याच जिल्ह्यात माणसाचे उत्तरकार्य पक्ष्याच्या चोचीवर अवलंबून असते, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या परंपरेत पक्ष्याला महत्त्व आहे, पण पक्षी म्हणून नाही. कावळा हा येथे पितरांचा प्रतिनिधी आहे. तो कोठे घरटे करतो, किती अंडी घालतो, याविषयी विधी काही विचारीत नाही. किंबहुना कावळा घास शिवला की त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. आधुनिक कायद्याने तर या पक्ष्याला वेगळेच स्थान दिले. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, उंदीर-घुशींच्या पंगतीला साधा कावळा बसविलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच वगळले गेले व ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. सुमारे पन्नास वर्षे एकच पक्षी घाटावर पितर आणि राजपत्रात उपद्रवी होता. त्यातील विसंगती फारशा कोणाला टोचली असल्याचे दिसत नाही.

चिमणीची कथा निराळी आहे. तिला विधी नाही. तिला घर आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तोंडी कावळा आणि साळई यांच्या शेणामेणाच्या घरांची गोष्ट येते. म्हणजे मराठी घरातील ही बालकथा निदान तेराव्या शतकाइतकी जुनी आहे. पुढे साळईच्या जागी चिमणी आली आणि चिऊकाऊच्या नावाने मुलाला घास भरविण्याची रीत घरोघर रुजली. येथे पक्ष्याचे निरीक्षण आहे, पण ते लहान मुलाचे रडे थांबविण्यापुरते. अंगणात धान्य निवडताना सुपातून बाजूला पडणारे खडे-कोंडा-दाणे, जात्याभोवतीची कणी, उखळाजवळचा तूस हा चिमण्यांचा खरा आहार होता. तो कोणी ‘घालत’ नसे, तो सांडत असे. आणि हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे असल्याने परसातील पक्ष्यांशी सर्वांत दीर्घ व सर्वांत जवळचा संबंध स्त्रियांचाच राहिला. त्याची लेखी नोंद जवळजवळ नाही. जात्यावरच्या ओव्यांत पाखरे आहेत, दप्तरांत नाहीत.

या चित्राला केवळ भूतदयेचा रंग देणे मात्र अनैतिहासिक ठरेल. ज्वारी-बाजरीचे कणीस भरू लागले की शेतात माळा उभा राही आणि त्यावर गोफण घेऊन पाखरे राखणारा राखणदार दिवसभर आरोळ्या देई. निफाड, दिंडोरी भागातील द्राक्षबागांवर आज जाळ्या पसरलेल्या दिसतात, त्या याच राखणीचे पुढचे रूप होत. शेतात हाकललेले पाखरू अंगणात मात्र चालत असे. कोकणात नवान्नाच्या वेळी भाताच्या लोंब्या दाराला बांधल्या जातात व त्यांतील दाणे पुढे चिमण्या टिपतात. त्यांना कोणी उडवून लावत नाही. पीक आणि दाणा यांतील ही सीमारेषा उंबऱ्याशी संबंधित होती, पक्ष्याच्या जातीशी नव्हे.

नोंद करण्याची परंपरा

पक्ष्यांची शास्त्रीय नोंद पश्चिम भारतात सुरू झाली ती बंदुकीच्या साहाय्याने. ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात डेव्हिडसन व वेन्डेन यांनी १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर विस्तृत लेख लिहिला. अशा लेखांमागे मारून, सोलून, पेंढा भरून ठेवलेले नमुने असत. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली, तीही आपापले नमुने व टिपणे एकत्र आणण्याच्या हेतूने. तिच्या आठ संस्थापकांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. मराठी प्रबोधनाच्या इतिहासात या दोघांचा उल्लेख समाजसुधारणा व वैद्यक यांच्या संदर्भात होतो. निसर्गाभ्यासाच्या संदर्भात तो क्वचितच होतो.

याच संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे परसातील निरीक्षणाचे पहिले मोठे लेखक म्हणता येतील. १८५१ मध्ये साताऱ्यात जन्मलेले एटकेन मुंबई इलाख्यात जकात व मीठ खात्यात नोकरीस होते आणि ‘ईहा’ या नावाने लिहीत. ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ या त्यांच्या पुस्तकात बंगल्याच्या व्हरांड्यातील कावळे, पाली, मुंग्या, वटवाघळे हीच सरहद्दीवरची टोळकी आहेत. शिकारीसाठी जंगलात न जाता दारातल्या प्राण्यांकडे सहानुभूतीने व विनोदाने पाहण्याची ही दृष्टी त्या काळी नवी होती. पुढे १९०० मध्ये मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरही त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्या लेखनातील साहेबी अभिनिवेश वाचकाला खटकतो, हे खरे. परंतु ‘सामान्य’ पक्षी हा ग्रंथाचा विषय होऊ शकतो, हे या लेखनाने दाखवून दिले.

सलीम अली यांच्या आयुष्यात परसातील चिमणी दोनदा येते. १९०८ मध्ये त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी ते सोसायटीच्या कार्यालयात डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे गेले, ही घटना सर्वश्रुत आहे. तिच्याआधीची एक नोंद इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. खेतवाडीतील घराच्या तबेल्यात घरटे केलेल्या साध्या चिमणीचा नर या मुलाने मारला. मादीने थोड्याच वेळात दुसरा नर मिळविला. तोही मारला गेला आणि तिसरा आला. आठवडाभरात आठ नर मारून झाले तेव्हा मुलाने जे टिपून ठेवले ते क्रूर असले तरी वर्तनाचे निरीक्षण होते. पुढे १९३० मध्ये नोकरी गेलेली असताना अलिबागजवळच्या किहीम येथे सासरच्या घरी राहून त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले. या वेळी बंदूक नव्हती. शिडी आणि आडोसा होता. नर अनेक घरटी अर्धवट विणतो, मादीने त्यांतील एखादे पसंत केल्यावर ते पूर्ण करतो व नंतर दुसऱ्या मादीसाठी पुढचे घरटे घेतो, हा निष्कर्ष १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतीय पक्षिशास्त्रातील हे एक पायाभूत संशोधन. त्यासाठी कोणतीही मोहीम काढावी लागली नव्हती. घराजवळ बसून दीर्घकाळ पाहणे पुरेसे ठरले.

मराठीत या दृष्टीला भाषा दिली ती मारुती चितमपल्ली यांनी. वनखात्यातील नोकरीच्या काळात त्यांनी आदिवासी व पारधी समाजांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि त्यांतून ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस व १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोहोंमधील आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळण्यास सुरुवात केली. चितमपल्ली यांचे जून २०२५ मध्ये निधन झाले.

चिमणीचा प्रश्न आणि नाशिक

दाणा देणारा आणि नोंद करणारा हे दोघे एकाच व्यक्तीत एकत्र आले ते चिमणी दिसेनाशी होऊ लागल्याची चर्चा सुरू झाल्यावर. या चर्चेत नाशिकचे स्थान मध्यवर्ती आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’ या संस्थेद्वारे लाकडी घरटी व दाणापात्रे यांचा प्रसार केला. २००८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने पर्यावरणासाठी कार्य करणाऱ्यांच्या आपल्या यादीत त्यांचा समावेश केला आणि २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला. व्याघ्रप्रकल्पांच्या देशात सर्वांत सामान्य पक्ष्यासाठी दिवस पाळावा, ही कल्पना एका मध्यम आकाराच्या शहरातून पुढे आली, हे लक्षणीय आहे. कौलारू वाड्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती येत असल्याचे या शहराने एका पिढीत पाहिले आहे. आढ्याची फट, तुळईचे टोक, भिंतीवरच्या तसबिरीमागची जागा ही चिमणीची पारंपरिक घरटी होती. सपाट स्लॅबमध्ये ती उरली नाहीत. त्याचबरोबर निवडलेले धान्य पिशवीबंद मिळू लागले, गिरणीने जाते संपविले आणि सांडणारा दाणा थांबला. पिलांना लागणारे किडेही देशी झाडाझुडपांच्या अभावी घटले. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवर वृत्तपत्रांनी जेवढा भर दिला, तेवढा आधार त्या तर्काला मिळालेला नाही.

चिमण्या किती घटल्या हा प्रश्न मात्र अवघड ठरला. मुळात त्या किती होत्या, हे कोणी मोजलेच नव्हते. ह्यूमच्या काळापासून दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी आहेत. चिमणीची नोंद ‘सर्वत्र’ एवढ्यावर संपते. एकलहऱ्याचे पहिले संच उभे राहत असताना नाशिकच्या एखाद्या आळीत किती चिमण्या होत्या, हे सांगणारा कागद असण्याची शक्यता फार कमी. म्हणूनच २०१२ मध्ये नागरिकांच्या आठवणी व निरीक्षणे गोळा करणारे ‘सिटिझन स्पॅरो’ सर्वेक्षण हाती घ्यावे लागले. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने तर सार्वत्रिक समजाला धक्काच दिला : देशपातळीवर चिमण्यांची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर असून घट प्रामुख्याने महानगरांत आढळते. चिमणी नाहीशी होत आहे ही हाक अतिशयोक्त होती, असे यावरून म्हणता येईल. तथापि त्याच हाकेमुळे सामान्य पक्षी मोजण्याची सवय लागली, हेही तितकेच खरे.

दाण्याचे परिणाम

ब्रिटनमध्ये १८९०-९१ च्या कडक हिवाळ्यात वृत्तपत्रांनी पक्ष्यांना अन्न घालण्याचे आवाहन केले आणि बागेतील दाणापात्र हा तेथील मध्यमवर्गीय जीवनाचा भाग झाला. दख्खनमध्ये टंचाई उन्हाळ्याची व पाण्याची. त्यामुळे येथील खरे प्रतीक दाणापात्र नसून चैत्र-वैशाखात सावलीत ठेवलेले मातीचे परळ आहे. ब्रिटिश अनुभवाची दुसरी बाजूही आता समोर आली आहे. २००५ पासून तेथे दाणापात्रांवर गर्दी करणाऱ्या हरित फिंच पक्ष्यांत ट्रायकोमोनस या परजीवीचा रोग पसरला व त्यांची संख्या इतकी घटली की २०२१ मध्ये त्यांना धोक्याच्या लाल यादीत घालावे लागले. अस्वच्छ पात्रातून दिलेले दान पक्ष्याच्या जिवावर उठू शकते.

महाराष्ट्रात हा वाद कबुतरांवरून पेटला. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे शासनाचे निर्देश, दादरच्या कबुतरखान्यावर घातलेले आच्छादन, त्याविरुद्धचे आंदोलन आणि मुंबई उच्च न्यायालयातील सुनावणी या क्रमाने तो वाढत गेला. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारे फुप्फुसांचे विकार हा एका पक्षाचा मुद्दा होता, जीवदया व परंपरा हा दुसऱ्याचा. या वादात ‘परंपरा’ हा शब्द दोन्ही बाजूंनी सैलपणे वापरला गेला. काकबळी हा एका घरचा एक घास असतो; त्याचे प्रमाण विधीनेच ठरविलेले आहे. अंगणातला सांडलेला दाणा घरातल्या दळणाएवढाच असे. पोत्याने ओतलेले धान्य आणि ते रोज विकत मिळण्याची सोय ही व्यापारी शहराची निर्मिती आहे. जीवदयेच्या परंपरेत तिला निश्चित स्थान आहे, परंतु तिला परसातल्या घासाशी एकरूप मानता येत नाही. हा भेद न केल्यास कबुतरखान्यांवरील बंदीचा न्याय खिडकीतल्या परळालाही लावला जाण्याचा धोका संभवतो.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या उपक्रमाचा आरंभ १९९८ मध्ये अमेरिकेत झाला. २०१३ पासून तो जगभर खुला आहे व भारतातील महाविद्यालयांची आवारेही त्यात मोजली जातात. किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करून दिसलेले पक्षी व त्यांची संख्या नोंदवायची, एवढीच अट आहे. स्थळ, दिनांक, वेळ, जात, संख्या अशी माहिती त्यात भरली जाते. त्या अंगणात दाणा कोण ठेवते आणि केव्हापासून ठेवते, यासाठी त्या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही.