मज्जारज्जू-आघात : पुनर्वसन व प्रायोगिक उपचार

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झाल्यास त्या जागेखालचे शरीर लुळे व बधिर होते. लघवी-शौचावरचा ताबाही सुटतो. हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यांत झाडावरून वा विहिरीत पडणे आणि रस्त्यावरचे अपघात ही याची ठळक कारणे. तुटलेले चेतातंतू पुन्हा जोडणारा सिद्ध उपचार अद्याप नाही, म्हणून पुनर्वसनाचे मोल फार मोठे. दर दोन तासांनी कूस बदलणे, ठरल्या वेळी नळीने लघवी काढणे, खांदे-दंड बळकट करणे एवढ्यानेही शय्याव्रण व मूत्रपिंडाचे विकार पुष्कळ टळतात. घरच्यांना हे शिकवणे औषधाइतकेच निकडीचे. जखमी जवानांसाठी खडकी (पुणे) येथे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून सुरू केलेल्या पोहण्यातून त्यांनी १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले.

कण्यात बसवलेल्या विद्युत उद्दीपकाने व कसून व्यायामाने काही रुग्ण आधाराने चालू लागल्याचे स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवले. ते तंत्र अजून सर्वांसाठी नाही. मूळपेशींचा वापर भारतात या विकारासाठी फक्त मान्यताप्राप्त चाचण्यांतच करता येतो. त्यासाठी रुग्णाकडून लाखो रुपये मागणे ही उघड फसवणूक होय.