जोडीचा सरळपणा

रथाचे रूपक साहित्याच्या विद्यार्थ्याला फार लवकर भेटते. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात आत्म्याच्या रथाला दोन घोडे आहेत, एक सुशील आणि दुसरा उद्दाम. दोन्ही ठिकाणी आपण अर्थाकडे धावतो आणि वाहनाकडे पाहायचे राहून जाते. दोन घोडे एका रेषेत चालवणे ही मुळात कोणती विद्या आहे, असा प्रश्न विचारला की या रूपकांचे वाचनही बदलते.

एकटा घोडा वाकडा चालला तर दोष त्याच्यापुरता असतो. जोडीचे तसे नाही. मधल्या दांड्याच्या दोन अंगांना जुंपलेल्यांपैकी एक उतावळा असतो, दुसरा रेंगाळणारा. एक दांड्यावर रेलतो, दुसरा त्यापासून दूर ओढतो. ओढ असमान झाली की दांडा तिरका होतो आणि गाडी वाट सोडते. म्हणून जाणते शिक्षक प्रत्येक घोड्याला आधी वेगळे, लांब लगामांवर मागून चालत शिकवतात आणि मग नवख्याला मुरलेल्या घोड्याशेजारी जुंपतात.

या विद्येचा साहित्यातला एक सुंदर पुरावा ‘इलियड’च्या 23व्या सर्गात आहे. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर रथांची शर्यत होते, तेव्हा वृद्ध नेस्टर आपल्या मुलाला, अँटिलोकसला, उपदेश करतो. मुलाचे घोडे मंद आहेत हे तो लपवत नाही. उणीव कौशल्याने भरून काढ, असे त्याचे सांगणे आहे. वळणाच्या खुंटाशी डावा घोडा अगदी जवळून न्यावा, उजव्याला मात्र हाकारून त्याचा लगाम सैल सोडावा. एकाच क्षणी, एकाच सारथ्याकडून, दोन घोड्यांना दोन वेगळ्या आज्ञा! वळणावर हे उघड दिसते. सरळ वाटेवर तेच काम न दिसता अखंड चालू असते.

त्याहून जुना पुरावा हित्ती लोकांच्या राजधानीतला, आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथला आहे. मितन्नी देशातल्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा हा मातीच्या पाट्यांवरचा ग्रंथ इसवी सनापूर्वी 14व्या शतकाच्या सुमाराचा मानतात. रथाच्या घोड्यांची सुमारे सात महिन्यांची दिनचर्या त्यात आहे: किती चारा, किती पाणी, कधी धुणे, कधी झुली घालणे, किती अंतर दौडवणे. भाषा हित्ती आहे, पण फेऱ्या मोजणारे शब्द भारतीय-आर्य वळणाचे आहेत: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात ‘वर्तने’. तालाचे ‘आवर्तन’ मोजणाऱ्या मराठी वाचकाला हे शब्द परके वाटणार नाहीत. वेगाने धावणाऱ्या घोड्याची तयारी मोजायची ती वळणांनी, ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे.

पुढे जर्मनीत बेन्नो फॉन आखेनबाख (1861–1936) यांनी जोडीच्या लगामांना शास्त्रशुद्ध रूप दिले. यात प्रत्येक लगामाला फाटा असतो: एक पट्टा आपल्या घोड्याच्या बाहेरच्या अंगाला जातो, दुसरा ओलांडून जोडीदाराच्या आतल्या अंगाला. हे आतले पट्टे छिद्रांवर कमी-अधिक करता येतात, म्हणजे उतावळ्याला आवरता येते आणि रेंगाळणाऱ्याला मोकळीक मिळते. समान ओढ मिळवायची तर लगाम असमान ठेवावे लागतात.

हे ध्यानात ठेवून ‘फीड्रस’कडे परत जावे. तिथला सारथी काळ्या घोड्याचा लगाम इतक्या जोराने मागे खेचतो की त्याची जीभ आणि जबडा रक्ताळतो, आणि भीतीने तो नमेपर्यंत हे पुन्हापुन्हा घडते. रथविद्येतून प्लेटोने दमन तेवढे निवडले. नेस्टरची सैल सोडलेली उजवी बाजू त्याने घेतली नाही. कठोपनिषदात सुशिक्षित घोडे चांगल्या सारथ्याच्या स्वाधीन असतात, परंतु ते शिकले कसे याविषयी रूपक मौन पाळते. वर्गात रूपक उलगडताना उपमेय कशाचे हे आपण सांगतोच. उपमानातून काय गाळले गेले हेही विचारायला हवे, कारण संयम म्हणजे दमन ही समजूत अशा गाळलेल्या जागेतच मुरते.