हिल्सबरोच्या आया

गावाची शीव ठरविताना आपल्याकडे ओढा, बांध, एखादा जुना वड पाहतात. अमेरिकेत ओहायो राज्यातील हिल्सबरो गावी १९५४ साली शाळांच्या हद्दी आखल्या त्या माणसांच्या रंगावरून!

त्याच वर्षी मे महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. जुलैत सरकारी इंजिनियर फिलिप पार्ट्रिज यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या जुनाट लिंकन शाळेला आग लावली. इमारतच उरली नाही तर मुले इतरत्र घ्यावीच लागतील, हा त्यांचा हिशेब! (आगीचे समर्थन कोण करील? त्यांना तुरुंग घडलाच.) शाळा-मंडळाने शाळेची डागडुजी केली आणि सप्टेंबरात नवा नकाशा काढला. लिंकनची हद्द सलगसुद्धा नव्हती. दोन वेगळे तुकडे, दोन्ही कृष्णवर्णीय वस्तीचे.

मग आया निघाल्या. मुलांना घेऊन रोज सकाळी पायी वेब्स्टर शाळेत जायचे, नकार ऐकायचा, परतायचे आणि घरीच पुस्तके उघडायची. पाऊस असो, बर्फ असो. जवळजवळ दोन वर्षे! अखेर १९५६ साली न्यायालयाच्या निकालाने वेब्स्टरचे दार उघडले. आत गेल्यावर मात्र पुष्कळ मुलांना खालच्या इयत्तेत बसविण्यात आले.