एकोणीस आसनांच्या केबिनची कहाणी

12 एप्रिल 2022 रोजी दिब्रुगडहून पासीघाटला अलायन्स एअरचे सतरा आसनी डॉर्निअर 228 विमान उडाले. स्वदेशी बांधणीच्या प्रवासी विमानाची नवी सुरुवात म्हणून ती फेरी गाजली. कहाणी मात्र जुनी आहे. 1983 साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सने जर्मनीच्या डॉर्निअर कंपनीशी परवाना-करार केला, कानपूरला बांधणी सुरू झाली आणि त्याच दशकात वायुदूतने ही विमाने लहान गावांच्या सेवेत आणली.

अशा विमानांत बहुधा एकोणिसापर्यंतच आसने असतात. विसावे आसन आले की नियमानुसार केबिन कर्मचारी लागतो आणि खर्चाचे गणित बदलते.

डॉर्निअरची केबिन चौकोनी छेदाची, जेमतेम 1.55 मीटर उंचीची. प्रौढ माणसाला वाकूनच आसनापर्यंत जावे लागते. या चौकोनी आकारात जागा वाया जात नाही. परंतु तो आतील हवेचा दाब पेलू शकत नाही. 25,000 फुटांवर केबिनमध्ये 8,000 फुटांवरचा दाब राखायचा, तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास चार टनांचा भार येतो. गोल नळी तो ताणाच्या रूपाने सर्वत्र सारखा वाटून घेते. सपाट भिंत मात्र फुगू पाहते. म्हणून डॉर्निअर साधारणतः 10,000 फुटांच्या आतच उडते. हवेचा खळबळाट मुख्यतः याच थरांत असल्याने प्रवाशांना हादरे सोसावे लागतात.

दुसरी अडचण आवाजाची. पंख्यांची पाती सेकंदाला शंभरेक वेळा केबिनशेजारून जातात. इतका खर्जातला आवाज पातळ अस्तराला शोषता येत नाही.

बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘सारस’मध्ये दोन्ही प्रश्नांना हात घातला. चौदा आसनांची दाबनियंत्रित केबिन योजली आणि इंजिने शेपटीजवळ, प्रवाशांच्या मागे बसवली. 29 मे 2004 रोजी सारसने पहिले उड्डाण केले. 6 मार्च 2009 रोजी, बंद केलेले इंजिन हवेतच पुन्हा सुरू करण्याच्या चाचणीत, दुसरा नमुना कोसळला आणि वायुदलाचे तीन अधिकारी प्राणांस मुकले. प्रकल्प रेंगाळला, सुधारित नमुना 24 जानेवारी 2018 रोजी उडाला. त्यापुढचा टप्पा एकोणीस आसनी सारस मार्क-2 चा.

पासीघाटच्या प्रवाशाला आज जे विमान मिळते, त्याचा मूळ आराखडा चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. त्याची सोय वाढवण्याचा प्रयत्न दुय्यम नव्हता; त्याची किंमत तिघांनी प्राणांनी मोजली आहे.