कठीण कवीचे एक पत्र

वर्गात गालिब शिकवायला घेतला की दरवर्षी एखादा विद्यार्थी उठून विचारतो, या शायराला सोपे लिहिता येत नव्हते का? आम्ही शेराचा अर्थ सांगून वेळ मारून नेतो. पण प्रश्न खोटा नाही. या प्रश्नाला एका इंग्रज कवीने स्वतःच्या हाताने लिहून दिलेले उत्तर आमच्या वाचनात आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

कवीचे नाव रॉबर्ट ब्राउनिंग (१८१२-१८८९). १८४० साली त्यांचे ‘सॉर्डेलो’ हे दीर्घकाव्य निघाले आणि त्यांची बदनामी झाली. तेराव्या शतकातील इटलीतले तंटे वाचकाला ठाऊकच असणार असे धरून त्यांनी लिहिले होते. वाक्ये तर इतकी आवळलेली की कर्ता सापडला तर क्रियापद हरवावे! आपल्याला पहिली आणि शेवटची ओळ तेवढी कळली, असे टेनिसन म्हणाल्याचे सांगतात. पुढे कित्येक वर्षे ‘दुर्बोध’ हा शिक्का ब्राउनिंगच्या कपाळी राहिला.

२७ नोव्हेंबर १८६८ रोजी त्यांनी किंग्जलँड नावाच्या चाहत्याला पत्र लिहिले. त्यात ते आधी कबुली देतात. ज्यांच्याशी बोलायला आवडले असते अशा अनेकांना आपले लेखन फार जड गेले, हे त्यांना मान्य आहे. मात्र लोकांना कोड्यात टाकण्यासाठी आपण मुद्दाम असे लिहिले, हा टीकाकारांचा आरोप ते नाकारतात. रिकामटेकड्याने चिरुटाऐवजी किंवा डॉमिनोच्या डावाऐवजी हाती घ्यावे असे साहित्य देण्याचा आपला दावा कधीच नव्हता, असेही ते बजावतात. वाचकांची गर्दी नाही, पण मोलाचे थोडे वाचक मिळाले, यात ते समाधान मानतात.

आम्हाला या पत्रात अहंकार दिसत नाही. १८६३ साली ‘सॉर्डेलो’ पुन्हा छापताना त्यांनी पानोपानी मथळे घातले, वाचकाला वाट सापडावी म्हणून. काव्य सर्वांना रुचेल असे करण्याचीही खटपट केली. पण मूळ कल्पनाच वेगळी होती म्हणून ते तसेच ठेवले. वाचकाला हात द्यायचा, पण काव्याचा जीव घ्यायचा नाही, ही त्यांची मर्यादा होती.

पत्र लिहिले त्याच महिन्यात ‘द रिंग अँड द बुक’ या महाकाव्याचा पहिला खंड निघाला. १६९८ साली रोममध्ये झालेल्या खुनाची एकच हकिकत त्यात वेगवेगळी माणसे आपापल्या परीने सांगतात. खरे कोणाचे, हे वाचकाने ठरवायचे. तिथे कठीणपणा कवीच्या लहरीचा नाही; सत्यच तसे गुंतागुंतीचे आहे. आणि हेच काव्य लोकांनी उचलून धरले.

योगायोग असा की त्याच १८६८ साली गालिबच्या पत्रांचा संग्रह ‘ऊद-ए-हिंदी’ प्रसिद्ध झाला. आपल्या शेरांचे अर्थ शागिर्दांना पत्रातून उलगडून सांगणारा हा उस्तादही मुश्किल म्हणूनच ओळखला जाई. शेर कठीण, पण पत्र समोर बसून बोलल्यासारखे!

आम्हा शिक्षकांना आणि लिहिणाऱ्यांनाही यातून एक धडा आहे. न समजल्याचा दोष प्रत्येक वेळी वाचकाच्या माथी मारू नये आणि प्रत्येक वेळी स्वतःवरही ओढून घेऊ नये. यंदा तो प्रश्न आला की आम्ही वेळ मारून नेणार नाही. त्या मुलाला सांगू, बाळ, शायराने अर्धी वाट चालून दिली आहे. उरलेली आपण मिळून चालू.