गाव शहराच्या हद्दीत घेणार? 30 दिवसांत लेखी हरकत घ्या

माजरी (ता. भद्रावती) : गाव नगरपरिषदेत जाणार अशी चर्चा निघाली की पहिला सवाल येतो, जमीन जाणार का? हद्दवाढीने सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही, मालक तोच राहतो. पण ग्रामपंचायत आणि ग्रामसभा संपते, घरटॅक्स नगरपरिषद ठरवते. पुढे विकास आराखड्यात शेतावर रस्ता, शाळा किंवा बगिच्याचे आरक्षण पडू शकते. म्हणून पहिली हरकत महत्त्वाची.

कायदा काय सांगतो?
नवी नगरपरिषद करायची असो की जुनीची हद्द वाढवायची, 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार शासनाला आधी उद्घोषणा काढावी लागते. ती राजपत्रात आणि त्या भागातल्या निदान एका वर्तमानपत्रात छापतात. हरकतीसाठी किमान 30 दिवस मिळतात. हे दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे पेपरच्या भरवशावर राहू नये. हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची. ते ती शासनाकडे पाठवतात.

अर्जात काय लिहावे?
नाव, गाव, गट नंबर आणि कारण. "आमचा विरोध आहे" एवढ्याने भागत नाही. लोकसंख्या, तिची दाटी, उत्पन्न आणि शेतीबाहेरचा रोजगार हे शासनाला पाहावे लागते. म्हणून गावात किती घरे शेतीवर जगतात, ते आकड्यांत लिहा. सातबारा व ग्रामसभेचा ठराव जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

प्रक्रिया चुकली तर?
कोर्टात दाद मागता येते. कल्याण-डोंबिवली महापालिकेतून 18 गावे वगळण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये रद्द केला. महापालिकेशी कायद्याप्रमाणे सल्लामसलत झाली नव्हती.

कोळशाची नोटीस वेगळी
माजरी परिसरात वेकोलिच्या खाणी आहेत. म्हणून आलेली नोटीस कोणत्या कायद्याची, हे आधी वाचा. 1957 च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्यात जमिनीची मालकीच जाते. तिथे कलम 7 ची अधिसूचना निघाल्यापासून 30 दिवसांत, कलम 8 खाली, सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते. त्याचा पत्ता अधिसूचनेत पाहावा. हरकत घेणाऱ्याला सुनावणीत स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते.

दोन्हीकडे मुदत थोडीच. तोंडी विरोध कितीही केला तरी फाईलला कागदच लागतो.